भारती, ती ओळ फिकट करायची राहिली

भारती,

दहाव्याला नदीवर मी सगळ्यांसमोर जे बोलले, ते तुला ऐकू गेलं असेल तर तू पोट धरून हसली असशील. "नंदे, तुला येतं का गो ते?" असंही म्हणाली असशील. नाही येत. म्हणून तर हे लिहितेय. तिथे एवढ्या माणसांत मला ते सांगता आलं नाही, आणि आता सांगायला दुसरं कोणी नाही. तुझं काय काम राहिलं होतं हे कळणारी दोनच माणसं या तालुक्यात होती. त्यातली एक तू.

तुझ्या घरी भेटायला आले त्या दिवशी तुझ्या आईने मला पहिला प्रश्न हाच विचारला. बाकीच्या बायका रडत होत्या. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "पोरी, माझी भारती शहापूरला नक्की काय करायची गो? लोक इचारतात. मी सांगते, कांपुटरवर बसायची. पन बसून काय करायची?"

मी सांगायला लागले आणि दोन वाक्यांत अडले. मोबाइलमध्ये वेगवेगळी कामं करणारे लहान प्रोग्राम असतात, त्या प्रत्येकात एक सेटिंग्जची जागा असते, आवाज चालू की बंद, भाषा कुठली, अक्षर मोठं की बारीक हे तिथे ठरवायचं असतं, आणि ती जागा आम्ही बनवतो. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे फोन नाय बनवत?" मी म्हटलं, नाही. "फोनातला गाना?" नाही. मग तिने नुसती मान हलवली. मला फार वाईट वाटलं. आपण दोघींनी शहापूरला सरांच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत घालवलेली दोन वर्षं तिच्यासमोर उभी करायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता.

तुला तरी घरी कधी सांगता आलं होतं का? तू म्हणायचीस, "आमच्याकडे सिद्धगडाच्या पायथ्याला रेंजच येत नाय, सेटिंग कोनाला सांगू?"

शेणव्याची मी आणि मुरबाडच्या पार टोकाची तू, शहापूरच्या कॉलेजात एका बाकावर आलो तेव्हा दोघींच्याही घरात आधी कोणी कॉलेजचं दार बघितलेलं नव्हतं. मी प्रत्येक गोष्टीला घाबरायचे. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी मी हात ओढणीला पुसायचे, आणि तू मला म्हणालीस, "पुसतेस काय? देव्हारा हाय का तो?" हे मी अजून कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर शिकले. पदवी मिळाली, सरांनी क्लासमध्ये शिकवायला ठेवून घेतलं, आणि मग शहरातल्या एका कंपनीचं काम त्यांना मिळालं. प्रोग्रामचं मुख्य काम तिथले इंजिनिअर करायचे. सेटिंग्जचे स्क्रीन कोणालाच करायचे नसायचे, कारण त्यात नाव होण्यासारखं काही नव्हतं आणि किचकटपणा फार होता. ते आपल्याकडे आले.

पहिले काही महिने आठव. एका फोनचा पडदा रुंद, एकाचा अरुंद. एकाला बटणं डावीकडे, एकाला मधे. एकच स्क्रीन प्रत्येक फोनसाठी पहिल्यापासून हाताने लिहायचा. एका ठिकाणी शब्द बदलला की सगळीकडे जाऊन बदलायचा, आणि एखादा फोन हमखास राहायचा. मला ते मुकाट्याने करायला काही वाटत नव्हतं. काम मिळालंय हेच मला पुष्कळ होतं. तूच चिडलीस.

"नंदे, आपन प्रत्येक खाचरात वेगळं बी पेरतो का गो?"

"नाही."

"रोप एकदाच करतो ना? पाला जाळून एका तुकड्यात राब भाजायचा, त्यात रोप वाढवायचं, आणि मग मूठ मूठ उचलून जिथं पायजे तिथं लावायचं. मग हे काय चाललंय आपलं? रोज नवा राब भाजतोय."

लाइट गेली होती. आपण जिन्यात बसलो होतो. तू क्लासमधला खडू आणलास आणि पायरीवर लिहायला लागलीस. एका ओळीत एक सेटिंग. आधी त्याचं नाव, मग कोणकोणती उत्तरं चालतील ती, मग माणसाने काहीच निवडलं नाही तर कुठलं धरायचं ते. बस. अशा साध्या ओळींची एक फाइल. ती फाइल वाचून स्क्रीन आपोआप काढणारा प्रोग्राम एकदाच लिहायचा, आणि फोन कुठला ते त्याने बघायचं. क्लासला येणारी पोरं पायरीवरून उड्या मारून वर जात होती. सर आले, त्यांनी पायरी वाचली, मागे होऊन पुन्हा वाचली. म्हणाले, "हे झालं तर मी तुम्हा दोघींना काम काय देऊ?"

तू म्हणालीस, "सर, आधी पंखा दुरुस्त करायला द्या."

ते झालं. तू केलंस, मी तुझ्या मागे मागे टाइप केलं. आठवडा खाणारं काम एका सकाळीत व्हायला लागलं. ज्या दिवशी पहिल्यांदा आपण फाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि टेबलावर मांडलेल्या सगळ्या फोनांवर ती ओळ आपोआप उमटली, त्या दिवशी मला माझा निकाल लागला त्याहून जास्त आनंद झाला होता. मी तुला तेव्हा काहीच म्हणाले नाही. आपल्यात कोणी कोणाचे आभार मानत नाही, पद्धतच नाही. पण माझ्या आयुष्यात जे काही सोपं झालं त्यातलं पुष्कळसं तू केलंस, हे तू समोर असताना एकदा तरी बोलायला हवं होतं.

आता आपलं भांडण.

ते सुरू झालं जिन्याखाली भाजी विकणाऱ्या मावशींपासून. नवीन स्क्रीन झाला की तू फोन घेऊन खाली जायचीस आणि म्हणायचीस, "मावशी, ह्याचा आवाज बंद करून दाखवा." मावशी कंटाळायच्या नाहीत. एक हात मेथीच्या जुडीवर, एका हाताने बटण. त्या दिवशी त्यांनी आवाज बंद केला, आणि त्याखालची धून निवडायची ओळ नाहीशी झाली. मीच तसं ठेवलं होतं. आवाजच नको असेल तर धून कशाला दाखवायची? केवढासा तो पडदा! पण मावशींनी फोन एकदम टोपलीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"आगो, गेली ना ती! मी काय मोडला का?"

"नाही मावशी, काही नाही मोडलं," मी म्हटलं.

"मंग व्हती ती कुठं गेली? नको बाय. पोरींच्या फोनाला मी हात नाय लावनार परत."

आणि खरंच त्यांनी परत फोन हातात घेतला नाही. तू वर आलीस, फोन टेबलावर ठेवलास. मग म्हणालीस, ओळ काढून टाकायची नाही. तिथेच ठेवायची, फिकट करून. आत्ता चालणार नाही, पण आहे, हे माणसाला दिसलं पाहिजे. मी म्हटलं, जागा कुठे आहे? तू म्हणालीस, जागा करू. मी म्हटलं, फोनात ओळींसाठी जे तयार खण मिळतात ते फिकट होतच नाहीत, सगळ्या ओळी आपल्याला स्वतः रंगवाव्या लागतील. तू म्हणालीस, रंगवू. मी म्हटलं, एका मावशींसाठी? तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस की मी दुसरीकडे बघायला लागले.

"नंदे, आपन ज्यांच्यासाठी सोपं करतोय, त्यांतलं निम्मं जग मावशी हाय."

हे भांडण महिनाभर चाललं. डबा खाताना, लाइट गेल्यावर, तुझ्या गाडीची वाट बघत स्टँडवर. मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. लहान पडद्यावर नको ते दाखवलं तर माणूस गोंधळतो. पण तुला हरवण्याइतकंही ते बरोबर नव्हतं. फिकट करायच्या कामात तू अर्ध्यापर्यंत पोचली होतीस. कुठली ओळ कुठल्या ओळीवर अवलंबून आहे हे फाइलमध्ये लिहिता येत होतं. नुसतं फिकट करणं राहिलं होतं. भाताच्या लावणीला घरी जाताना तू पिशवी खांद्याला लावून दारात उभी होतीस. मी म्हटलं, निदान कागदावर काढून दे कसं करणार ते.

"आल्यावर दाखवते. डोक्यात हाय सगळं."

त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. चिखलात उभं राहून लावणी केलीस, ताप आला, तुला वाटलं पावसाचा ताप. मुरबाडला नेलं, तिथून पुढे नेलं. मला निरोप मिळाला तेव्हा मी आपल्या खोलीत बसून चिडून तुझ्या नावाने बडबडत होते, की ही आली नाही अजून, काम अडलंय.

दहाव्याला बायकांनी नदीवर यायचं नाही असं कोणीतरी म्हणालं, पण तुझी आई निघाली म्हटल्यावर कोणाची हिंमत झाली नाही. मी तिच्या मागे गेले. पाऊस बारीक लागून राहिलेला. पिंड मांडला, सगळे मागे सरकले. समोरच्या उंबरावर कावळा बसलेला होता, भिजून अंग फुगवून. खाली यायला तयार नाही.

तुझे काका पुढे झाले. "भारते, तुझ्या धाकल्या बहिनीचा, बेबीचा लगीन आमी झोकात करू. काळजी करू नको."

कावळा हलला नाही.

"बेबीला शिकवू पन. तुझ्यासारकी. आधी शिकवू, मंग लगीन."

मागून कोणी म्हणालं, "पावसात कावळा येल कशाला? तो पन घर धरून बसलाय." त्याला दुसऱ्याने गप्प केलं. कोणी म्हणालं घराचं कौल बदलायचं तिच्या मनात होतं, ते बदलू. कोणी म्हणालं आईला बघू. एकेक जण पुढे होऊन तुला काय हवं होतं ते आठवून बोलत होता, आणि मला एवढंच दिसत होतं की सगळी तुला जीव लावलेली माणसं आहेत, आणि एकालाही नक्की माहीत नाही.

तेव्हा आई माझ्याकडे वळली. "तू सांग गो. तू रोज तिच्यासंगं होतीस. तिचा काय राह्यलाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काय राहिलंय. आणि ते मला येत नाही हेही माहीत होतं. पण आईचे डोळे तसे असताना दुसरं काय बोलणार होते मी? दोन पावलं पुढे गेले आणि मोठ्याने म्हटलं, "भारती, ओळ फिकट करायचं काम मी पुरं करीन."

"कसली ओळ?" काकांनी हळूच विचारलं.

कावळा उडाला. तो पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरी वळली. चिखलाच्या वाटेवर आईने माझं मनगट धरलं होतं. म्हणाली, "बोललीस ना? मंग कर. दर्भाच्या कावळ्यावर माझा भरोसा नाय. ती अडकलीय."

तेव्हापासून मी हेच करतेय, भारती. तुझी फाइल उघडते. तू जिथे थांबलीस तिथपर्यंत मला समजतं. त्यापुढे मी एक ओळ फिकट करते, तर तिच्यावर अवलंबून असलेली खालची ओळ चालूच राहते. तीही फिकट करायला गेले तर वरची परत उजळते. एका फोनवर जमलं असं वाटतं, तर दुसऱ्या फोनवर सगळंच फिकट होऊन बसतं आणि काहीच निवडता येत नाही. तुझ्या डोक्यात काहीतरी अगदी साधं असणार. तुझं नेहमी साधंच असायचं. मी आपल्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले, म्हटलं तिथे सुचेल. मावशींनी विचारलं, "दुसरी कुठाय?" त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी मेथीवर पाणी मारायचं थांबवलं आणि नुसत्या बसून राहिल्या.

सर चांगले आहेत. घाई करत नाहीत. पण कंपनीचे फोन येतात. काल ते म्हणाले, "नंदा, लपवून दे ती ओळ. त्यांना चालतंय. तुझं आधीचं आहेच ना तयार?" आहे. माझी पद्धत एका ओळीचं काम आहे. आपल्या भांडणात मी जिंकायची वेळ आलीय, कारण समोर उत्तर द्यायला कोणी नाही. असलं जिंकणं मला नको आहे. पण नको म्हणून करणार काय, तेही मला माहीत नाही.

आज दुपारी तुझी आई आली.

मुरबाडहून येष्टी बदलत, विचारत विचारत. जिना भिंतीला धरून चढली. सर उठून उभे राहिले. तिने पिशवीतून चार काकड्या काढून टेबलावर ठेवल्या, खोली बघितली, पंखा बघितला. "ही तिची जागा?" मी हो म्हटलं. ती खुर्चीवर बसली नाही, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "दाखव," म्हणाली.

मी कॉम्प्युटरवर फोनचं चित्र उघडलं, तुझा स्क्रीन काढला. आवाज, भाषा, अक्षर. आई वाकून बघत होती.

"हा तिनं केलाय?"

"हो."

"सगळा?"

"सगळं. मी नुसतं हाताखाली होते."

"बारीक काम हाय गो." मग म्हणाली, "आनि राह्यलाय काय?"

मी आवाज बंद करून दाखवला. खालची ओळ गेली. म्हटलं, ही अशी जायला नको, आई. इथेच राहायला हवी, फिकट होऊन. तेवढंच राहिलंय.

"तेवढाच? मंग कर ना."

"मला येत नाही, आई."

बोलले एकदाची. वाटलं, आता ती रागावेल, किंवा रडेल. तिने यातलं काहीच केलं नाही. "तिला येत व्हता?" असं विचारलं. मी हो म्हटलं. "तुमी एकाच बाकावर शिकल्या ना? मंग येल तुला. वेळ लागल. मी बसते." आणि तुझी खुर्ची माझ्याशेजारी ओढून ती बसली, दळण टाकून गिरणीत बसावं तशी.

मी परत परत करून बघितलं. आधी आवाजाची ओळ, मग धुनेची, मग उलट. प्रत्येक वेळी कुठेतरी तुटतं. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघते. बोटं चालू असली की तिला बरं वाटतं. बोटं थांबली की ती माझ्याकडे मान वळवते. शेवटी मला काहीच सुचेना, आणि थांबायचीही हिंमत होईना. म्हणून मी तुझी फाइल बाजूला केली, एक कोरं पान उघडलं आणि "भारती" असं लिहिलं. तेव्हापासून लिहितेय. तिला अक्षर ओळखता येत नाही. तिला वाटतंय मी तुझं काम करतेय.

आत्ता सर म्हणाले, "आई, मुरबाडची शेवटची गाडी जाईल हं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "गाडी रोज जाते." मग माझ्याकडे थोडी झुकून, सरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "झाला का गो?"

"थोडं राहिलंय, आई."

"कर, कर. मी हाय बसलेली."